उलाळ नको, धुरजड नको: चाकांवरची खोली बांधताना

चुलीवर मोठं पातेलं चढवलं, त्यात पाणी भरलं आणि पाण्यात प्लायवूडचे चार तुकडे सोडले. सकाळी सातला जाळ घातला तो दुपारी तीनपर्यंत विझू दिला नाही. आई दोनदा येऊन बघून गेली. "काय शिजतंय?" म्हणाली. मी म्हटलं, "घर शिजतंय."

चारही तुकड्यांवर मरीन प्लायचा शिक्का होता. आयएस ७१० या मानकाप्रमाणे मरीन प्लाय ७२ तास उकळल्या पाण्यात ठेवूनही त्याचे थर सुटता कामा नयेत. तीन दिवस चूल पेटती ठेवणं मला शक्य नव्हतं, म्हणून आठ तास ठेवली. तेवढ्यातच एका तुकड्याने जीव सोडला. पातेल्यातून काढला तेव्हा कडेला फुगवटा दिसला, पटाशीचं टोक घातलं तर थर वहीच्या पानांसारखे उलगडले. उरलेले तीन जसेच्या तसे होते. ज्या दुकानाचा माल उकलला तिथे परत गेलो नाही. प्लाय घेणाऱ्या प्रत्येकाला माझं सांगणं आहे की शिक्क्यावर विसंबू नका, वीतभर तुकडा मागून घ्या आणि उकळा. ज्या लाकडाला चार पावसाळे बाहेर काढायचे आहेत, त्याला एक दिवस चुलीवर घालवायला काही हरकत नाही.

मी एकतीस वर्षं फाउंड्रीत पॅटर्नमेकर होतो. बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, कास्टिंग ओतण्याआधी त्याचा लाकडी पॅटर्न, म्हणजे साचा उठवायचा नमुना, करावा लागतो, ते माझं काम. बीड थंड होताना साधारण एक टक्का आकसतं, म्हणून हजार मिलिमीटरच्या भागाचा पॅटर्न हजार दहाचा करायचा. त्यासाठी आमची मोजपट्टीच वेगळी असते. पलूस, किर्लोस्करवाडीच्या या पट्ट्यात लोखंडाचं काम शंभर वर्षांहून जुनं आहे. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली तेव्हापासून इथल्या घराघरांत कोणी ना कोणी मोल्डर, टर्नर, फिटर निघाला. लाकडाचे हात मात्र आता थोडे उरलेत. निवृत्त झाल्यावर ते हात स्वस्थ बसेनात.

त्यात घरच्या शेडमध्ये सागवान पडून होतं. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात भिलवडीला माझ्या आजोळच्या घरात पाणी शिरलं आणि ओसरताना मागची भिंत घेऊन गेलं. मामांनी नंतर स्लॅबचं घर बांधलं. जुन्या घराच्या तुळया आणि वासे मला दिले, म्हणाले, "जाळवत नाहीत रे, तूच काहीतरी कर." शेडमध्ये ते दोन वर्षं वाळले. आठवडाभर पुराच्या पाण्यात राहिलेलं लाकूड, पण वरची मळकट साल रंध्याने काढली की आतून तोच पिवळसर सोनेरी रंग आणि सागाचा तो तेलकट वास.

लहानसं झोपायचं घर चाकांवर बांधायचं हे मनात बरीच वर्षं होतं. अमेरिकेत १९३० च्या दशकापासून लोक असे ट्रेलर घरी बांधतात. बाजूने पाहिलं तर पाण्याच्या थेंबासारखा आकार, पुढे गोल आणि मागे निमुळता उतरता. आत दोघांपुरतं अंथरूण, आणि मागचं झाकण वर उचललं की स्वयंपाकाचा ओटा. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे याची मोठी लाट आली. या आकाराचा हिशेब प्लायच्या ८ बाय ४ फुटांच्या शीटवर बसतो. एक शीट म्हणजे जमीन, एकेक शीट म्हणजे दोन्ही बाजू. सहा फूट झोपायला, दोन फूट ओट्याला.

आपल्याकडे तो ओढायचा कशाने, हा प्रश्न होता. जीपच्या मागे लावावा म्हणून सांगलीला आरटीओत चौकशी केली. तिथल्या साहेबांनी नीट समजावून सांगितलं. मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे मोटारीने ओढायचा ट्रेलर हा स्वतःच मोटार वाहन ठरतो, त्याला इंजिन नसलं तरी. म्हणजे नोंदणी आली आणि नोंदणीसाठी लागणारी सगळी मान्यता आली. घरच्या शेडमध्ये एकट्याने बांधलेल्या एका नगासाठी ती वाट माझ्या आवाक्यातली नव्हती, आणि नोंदणीशिवाय रस्त्यावर काढायचा विचारही मला करायचा नव्हता. परत येताना बसमध्ये खिडकीतून उसाच्या बैलगाड्या बघत होतो. रबरी टायरच्या, दोन चाकांच्या, दीड-दोन टन ऊस घेऊन कारखान्याकडे निघालेल्या. थोरल्या दादाच्या गोठ्यात खिलारी जोडी आहे. गावात पोचेपर्यंत माझं ठरलं होतं.

टायरगाडीचा जुना आख दोन चाकांसकट भंगारवाल्याकडून नऊ हजाराला मिळाला. बेअरिंग बदलली, ग्रीस भरलं. दादाने चाक हाताने फिरवून पाहिलं आणि मान हलवली. त्याचा होकार असाच असतो.

पुढचं सगळं मी गावातल्या सुतारनानांना विचारून केलं. नाना आता ऐंशीच्या पुढचे, नजर अधू झालेली, पण त्यांनी आयुष्यभर लाकडी चाकांच्या गाड्या बांधल्या. मी त्यांना आराखडा दाखवला. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि विचारलं, "वजन कुठं हाय?"

मला वाटलं एकूण किती ते विचारतायत. मी यादी सांगू लागलो. जमिनीला १२ मिलिमीटरचं शीट, चोवीस किलो. दोन बाजू मिळून चाळीस. छत, फळ्या, झाकण, सागाच्या पट्ट्या. खोलीच १९० किलोची होत होती, आख-चाकं ११०, धुरा, म्हणजे जुवापर्यंत जाणारे पुढचे दांडे, ४०.

"किती न्हवं. कुठं हाय?"

दोन चाकांच्या गाडीचं सगळं मर्म या प्रश्नात आहे. आखाच्या मागे वजन जास्त झालं की गाडी उलाळ होते, धुरा वर उठतात, जू वर जातं आणि जोतं, म्हणजे जुवाला बांधलेला गळ्याखालचा पट्टा, बैलाच्या गळ्याला काचतं. पुढे जास्त झालं की धुरजड, मग सगळा भार बैलांच्या मानेवर. मोटारीमागचे ट्रेलर बांधणारे लोक एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार पुढच्या जोडावर ठेवा असं सांगतात, कारण त्याहून कमी झाला तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा हलू लागतो. बैलाच्या चालीत तो धोका नाही. तिथे हिशेब मानेचा आहे. नाना म्हणाले, "मोकळी गाडी एका हातानं उचलाया यावी, पर हात सोडला तर धुरा खालीच आली पायजे." आणि जाता जाता एक गोष्ट सांगितली, जिने माझं काम वाचवलं: आख कायमचा वेल्डिंग करू नको, चौकटीला तीन-तीन इंचांवर भोकं ठेव.

ते का, हे मला दहा महिन्यांनी कळलं. तोवर बाकीचं सांगतो.

बाजूंचा आकार आधी पुठ्ठ्यावर, मग त्यावरून हार्डबोर्डचा फर्मा. दोन्ही बाजू एकावर एक ठेवून क्लॅम्पने आवळल्या आणि एकदमच कापल्या, एकदमच रंधल्या, म्हणजे डावं-उजवं तंतोतंत. फाउंड्रीतली सवय. तुळयांच्या दीड बाय एक इंचाच्या पट्ट्या पाडताना करवत दोनदा खिळ्यावर गेली. जुने चौकोनी घडीव खिळे वरून दिसत नाहीत, पण सागात लोखंड मुरलं की भोवती काळा डाग पडतो. लाकडातला टॅनिन आणि लोखंड एकत्र आले की हे होतं. तिसऱ्या तुळईपासून मी आधी डाग शोधायचो, मग खिळा, मग करवत. याच कारणाने नवे स्क्रू सगळे पितळी आणि स्टेनलेसचे घातले. सागाला तेल असतं, त्यामुळे इपॉक्सी लावण्याआधी प्रत्येक सांधा थिनरच्या फडक्याने पुसून घ्यावा लागतो, नाहीतर गोंद वरवर बसतो.

एका तुळईत अंगठा जाईल एवढं भोक होतं, आतून गुळगुळीत घासलेलं. आई शेडमध्ये आली, तिने त्यात बोट घातलं. "पाळण्याची कडी होती इथं," म्हणाली. तिचा, तिच्या भावंडांचा आणि नंतर माझा पाळणा त्या कडीला होता. तेवढा तुकडा मी चिरला नाही. तो आडवा, उशाशी, छताखाली आला.

छताने मला पंधरा दिवस खेळवलं. पुढचा गोलावा १८ इंच त्रिज्येचा. चार मिलिमीटरचं शीट लांबीत वाकवायला गेलो आणि अर्ध्यावर टक्क आवाज झाला. शीटच्या वरच्या थराच्या रेषा लांबीच्या दिशेने धावतात आणि त्या दिशेने प्लाय वाकायला कुरकुर करतं. रेषा आडव्या ठेवल्या तर तेच शीट मऊ होतं. एवढं मला कळायला हवं होतं, पण एक शीट घालवून कळलं. मग शीटचे ४ बाय ४ फुटांचे तुकडे केले, रेषा आडव्या येतील असे फिरवले, त्यांच्यावर गरम पाण्यात भिजवलेली पोती अर्धा तास टाकून ठेवली आणि हळूहळू वाकवले. वर वाळूच्या पिशव्या ठेवून रात्रभर सोडले. सकाळी पिशव्या काढल्या तर तुकड्यांनी आकार धरलेला. ते पूर्ण वाळल्यावर पहिला थर चिकटवला, मग सांधे चुकवून दुसरा. दोन थर एकमेकांना धरून बसले की पुन्हा सरळ व्हायचं नाव घेत नाहीत. वर जाड सुती कॅनव्हास रंगातच चिकटवला आणि त्यावर तीन हात रंग. कडांना अॅल्युमिनियमचा अँगल.

जुलैत इपॉक्सीचा हात दिला तो चुकलाच. हवेत एवढी ओल होती की दुसऱ्या दिवशी वर पांढरट मेणचट साय आली. तिच्यावर पुढचा हात धरत नाही. साध्या पाण्याने धुवायची, पॉलिश पेपर मारायचा आणि मग पुढे. मी महिनाभर हात लावला नाही. पावसात लाकूडकाम करू नये असं आमचे फाउंड्रीतले जुने लोक म्हणायचे ते खरं.

ऑगस्टमध्ये खोली अंगणात उघड्यावर काढली, मुद्दाम, पावसात. तिसऱ्या दिवशी दार उघडलं तर ओला वास. गादीखाली जमिनीच्या प्लायवर हाताएवढा काळा डाग. पाणी कुठून येतंय ते दिसेना. पाऊस उघडल्यावर आत सगळ्या सांध्यांवर खडूची पूड फुंकली. पुतण्याला पाइप घेऊन बाहेर उभं केलं. खालून सुरुवात, एका जागी पाच मिनिटं पाणी, मग वीतभर वर. वरून सुरुवात केली असती तर ओघळ सगळीकडे पसरला असता आणि काहीच कळलं नसतं. मी आत बॅटरी घेऊन बसलो होतो. बाजूच्या खिडक्या कोरड्या, दार कोरडं. पुतण्या मागच्या झाकणाच्या बिजागरीपाशी पोचला आणि खडूत एक करडी रेघ उमटली, केसाएवढी. ती सरळ खाली आली, सागाच्या पट्टीवर थांबली, मग पट्टीच्या टोकाला जाऊन टपकली. बिजागरी रुंदीभर एकसंध होती, पण तिच्या पिनेच्या पोकळीतूनच पाणी आत येत होतं. डाग तिथून चार फुटांवर होता.

बिजागरी काढली. झाकणाच्या दोन्ही कडांना आतून सागाच्या पट्टीतच पन्हळ कोरली, पाणी बाजूने खाली जाईल अशी. आणि वरून, बिजागरी पूर्ण झाकली जाईल असा, टायरच्या जुन्या ट्यूबचा चार इंची पट्टा छताला दाबून बसवला. छपराला कौल जसं खालच्या कौलावर येतं तसा. भिजलेलं प्लाय दोन आठवडे सावलीत वाळू दिलं, मग सगळ्या उघड्या कडांना इपॉक्सी पाजली. प्लायला पाणी लागतं ते कडेने. पृष्ठभागाला हवा तेवढा रंग द्या, एक कड कोरी राहिली तर ती वातीसारखी पाणी ओढते.

दसऱ्यानंतर सगळं सामान भरून गाडी पहिल्यांदा जोडली. मागे ओट्याखाली वीस लिटरचा पाण्याचा कॅन, छोटा गॅस सिलिंडर, भांडी. दादाने कासरा धरला, गाडी निघाली, छान निघाली. पुतण्या पळत आला आणि मागच्या फळीवर बसला. धुरा वर उठल्या. जोडीतल्या सर्जाने मान ताणली, जोतं त्याच्या गळ्यात रुतलं आणि दादाचा आवाज अख्ख्या वाडीने ऐकला. पुतण्या उतरला तसं जू खाली आलं. एका क्षणाचा खेळ, पण सर्जाचा तो ताणलेला गळा माझ्या डोळ्यांसमोरून दोन दिवस जाईना. बैलाला बोलता येत नाही, त्याच्या वतीने गाडी भरणाऱ्यानेच विचार करायला हवा होता.

धान्याचा काटा आणून जुवाच्या जागी ठेवला. मोकळ्या गाडीला वीस किलो भार येत होता, तो मी नानांच्या हिशेबाने बरोबर धरला होता. सामान भरल्यावर मात्र काटा जवळपास शून्यावर. आखापासून तीन-साडेतीन फूट मागे ठेवलेला पन्नास किलोचा संसार पुढचा सगळा भार उचलून घेत होता. नानांची भोकं कामाला आली. आख नऊ इंच मागे सरकवला, म्हणजे तीन भोकं. पाण्याचा कॅन मागून काढून पुढच्या बाजूला, खोलीच्या नाकाशी बसवला. भरलेल्या गाडीचा काटा आता ३३ किलो दाखवतो, दोन मानांना मिळून. मागच्या फळीला मी तिरका उतार दिला, कोणाला बसताच येऊ नये म्हणून.

स्प्रिंग घातली नाही. बैलाच्या चालीला ती लागत नाही आणि गाडी उंच होते. चौकट आणि खोलीच्या मधे जुन्या टायरच्या रबराच्या चकत्या आहेत, त्याच खडखड गिळतात. मागे लाल परावर्तक पट्ट्या, कारखाने हंगामात उसाच्या गाड्यांना लावतात तशा. सगळा खर्च मिळून ४८ हजार झाला, सागवान सोडून.

नोव्हेंबरात सागरेश्वरच्या पायथ्याला मामेभावाच्या रानात गेलो. मी, आई आणि दादा. पहाटे निघालो, ऊन चढायच्या आत पोचलो. ओझ्याच्या जनावरांच्या नियमांत सलग पाच तासांहून जास्त काम, दिवसात नऊ तासांहून जास्त काम आणि पारा ३७ अंशांच्या वर असताना दुपारी बारा ते तीन जुंपणं, या तिन्हीला मनाई आहे. दादाला हे नियम वाचून दाखवले तर म्हणाला, "हे कागदावर लिहायला लागलं?"

बैल सोडले, धुरेखाली शिपाई, म्हणजे लाकडी टेकू, लावला, चाकांना पुढून-मागून दगड. मागचं झाकण उचललं की खाली सावली आणि समोर ओटा. आईने उभ्यानेच पिठलं केलं, भाकरी घरून आणल्या होत्या. गॅस आत कधीच पेटवायचा नाही हे मी झाकणाच्या आतून रंगाने लिहून ठेवलंय, एवढ्या छोट्या बंद जागेत जाळ म्हणजे जिवाशी गाठ. दादा बैलांपाशी बाजेवर झोपला. आई आणि मी आत. डोंगराच्या अंगाला रात्री सांबर ओरडलं, एकदाच, भांडं पडल्यासारखं.

पहाटे छताला हात लावला तर ओला. मला धस्स झालं, वाटलं पुन्हा गळतंय. बाहेर आकाश स्वच्छ, चांदण्या. डासांसाठी आम्ही खिडक्या घट्ट लावल्या होत्या, आणि दोघांच्या रात्रभरच्या श्वासाची वाफ गार छतावर दव होऊन बसली होती. आईच्या उशाशी तुळईच्या तुकड्यावर थेंब जमले होते. तिने पदराने ते पुसले आणि पुन्हा डोळे मिटले.

घरी आल्यावर दोन झरोके पाडले, एक पायाशी खाली, एक उशाशी वर, म्हणजे गार हवा खालून शिरते आणि उबदार हवा वरून निघून जाते. दोन्हींना पितळी जाळी आणि बाहेरून उतरतं झाकण. छताला आतून पातळ कॉर्कची चादर चिकटवली. परवा अंगणात एक रात्र झोपून पाहिलं. सकाळी छत कोरडं होतं.

आता जानेवारीत औदुंबरला जायचं आहे. आई म्हणते भिलवडीवरून जाऊ, मामांच्या दारात गाडी उभी करू. दादाने आखाला नवं ग्रीस भरलंय.